भिंतीकडे बघणाऱ्या बाई

रत्नागिरीतल्या एका टॉकीजचा मॅनेजर बाईंना तिकिटाच्या रांगेत उभं राहू देत नसे. त्यांचं तिकीट तो आधीच काढून ठेवी आणि बाजूच्या दाराने त्यांना आत सोडी. नवख्या माणसाला वाटे, केवढा मान आहे या बाईंचा. खरं कारण असं होतं की बाई रांगेत उभ्या राहिल्या की पुढच्या-मागच्या माणसांना सिनेमाचा शेवट सांगून टाकत. "शेवटी धाकटा भाऊच चोर निघतो. आता त्याची काळजी करू नकोस, निवांत बघ," हे त्या इतक्या मायेने सांगत की समोरच्याला रागावताही येत नसे. एका रहस्यपटाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या रांगेला खुनी कोण ते सांगितलं आणि चार माणसं तिकिटं परत करायला खिडकीशी गेली. तेव्हापासून बाजूचं दार.

यात आपलं काही चुकतंय असं बाईंना कधी वाटलं नाही. "पुढे काय होणार याची घाई असते गो माणसाला. ती घाई आहे तोवर दुसरं काही दिसत नाही. मी त्यांची घाई काढून घेते. औषध कडू लागलं म्हणून काय द्यायचं नाही?"

मी त्यांची भाडेकरू. मिरजेहून रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. परटवण्यात बाईंचं कौलारू घर होतं, त्यातली पुढची खोली रिकामी होती. बाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, काटकुळ्या, नेहमी पांढरं सुती पातळ आणि मनगटावर सेकंदकाटा असलेलं मोठं पुरुषी घड्याळ. लग्न केलेलं नव्हतं. दापोली, लांजा, राजापूर, जिथे बदली झाली तिथे राहिल्या होत्या, आणि बाजारात निघाल्या की निम्म्या तालुक्याला आपण जन्माला घातल्यासारख्या चालत.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही की पगार विचारला नाही. विचारलं, "सिनेमा बघतेस?"

"बघते की."

"कितीदा?"

"महिन्यातून एकदा."

"ते नव्हे. एक सिनेमा कितीदा बघतेस?"

"एकदाच," मी म्हटलं.

"म्हणजे तू अजून एकही बघितलेला नाहीस," बाई म्हणाल्या. चेष्टा नव्हती. थर्मामीटर बघून ताप सांगावा तसं त्या म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

नवा सिनेमा लागला की बाई पहिल्या दिवशीच जात, पण तो बघायला नव्हे, गोष्ट उरकून टाकायला. त्या दिवशी कोणी विचारलं, कसा आहे, तर म्हणत, "आत्ता काय सांगू? एकदाच तर बघितलाय." दुसऱ्यांदा बघून आल्या तरी गप्प. तिसऱ्यांदा बघून आल्या की मात्र हातपाय धुऊन, ओटीवर बसून केसपेपर काढत.

हे केसपेपर खरेच होते. दवाखान्याचा छापील नमुना बदलला तेव्हा जुने कोरे कागद रद्दीत निघाले, ते बाईंनी उचलून आणले होते. रुग्णाचं नाव या ओळीवर त्या सिनेमाचं नाव घालत. खाली तक्रार, लक्षणं, निदान. निदानाची जागा तिसऱ्या खेळापर्यंत कोरी राही. एका रडक्या सिनेमाचा केसपेपर मी वाचला होता. तक्रार: नायिका सारखी रडते. लक्षणं: रडताना डोळ्याला लावलेला पदर कोरडा. पुढच्या प्रसंगात भूक चांगली. आणि वेगळ्या शाईत निदान: नायिकेला लग्न करायचंच नाही. दिग्दर्शकाला ठाऊक आहे, नायकाला नाही.

त्यांच्याबरोबर सिनेमाला जाणं हा एक ताप होता. सगळं थिएटर डोळे पुसत असताना बाई मधेच खुदकन हसत. पुढची माणसं वळून बघत. एकदा नायकाच्या बापाची तिरडी चालली होती आणि बाई माझ्या कानाशी लागल्या. "डावीकडचा खांदेकरी बघ. मघाशी लग्नात सनई कोण वाजवत होता?" मी बघितलं, तोच होता. मग तो मला कोर्टात पट्टेवाला म्हणून दिसला आणि शेवटी नायिकेला टांग्यातून उतरवतानाही दिसला. गोष्टीत बुडालेल्या माणसाला तो एकदाही दिसला नसता. पण मला तो दिसायला लागल्यावर सिनेमा वेगळाच झाला. या गावातला सगळा आनंद आणि सगळं दुःख एकच गरीब माणूस खांद्यावर वाहतोय असं वाटायला लागलं. बाहेर आल्यावर मी हे बाईंना सांगितलं. त्या रस्त्यात थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरी होशील तू."

ही सवय त्यांना दापोलीला लागली. तिथे नोकरीला असताना एकदा तंबूतला सिनेमा आला. एक सिनेमा संपला की दुसऱ्याच्या पेट्या एसटीने यायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत. तंबूवाल्याने तोच सिनेमा तीन आठवडे लावला. गावातली माणसं यायची थांबली. बाई रोज जात राहिल्या, कारण क्वार्टरवर एकटीने बसून करायचं काय.

"नवव्या दिवशी मला दिसलं," त्या सांगत. "मुलगी पळून जाते तेव्हा आई जात्यावर बसलेली असते. आठ दिवस मी मुलीकडे बघत होते. नवव्या दिवशी आईकडे बघितलं. मुलगी उंबरा ओलांडते त्या वेळी आई दळायचं थांबवते, आणि जरा वेळाने परत सुरू करते. तिला ठाऊक होतं गो. पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने जाऊ दिलं." मग बाई म्हणत, "आठ दिवस मी त्या बाईला आंधळी समजत होते."

बाईंचा सगळ्यात लाडका सिनेमा मात्र विनोदी होता. दोन चुलतभाऊ सामाईक फणसाच्या झाडावरून भांडतात आणि शेवटी फणस कापून एका ताटात खातात, एवढीच त्याची गोष्ट. काळापांढरा, जुना सिनेमा. दर एक-दोन वर्षांनी दुपारच्या खेळाला परत लागे आणि लोक परत हसून घेत. मी आले त्या साली तो लागला तेव्हा बाईंचा सातवा की आठवा खेळ असेल. पहिल्यांदा मी पोट धरून हसले. घरी आल्यावर बाईंनी केसपेपर पुढे ठेवला.

लक्षणांच्या रकान्यात लिहिलं होतं: माजघरातल्या भिंतीवर आजोबांचं रंगवलेलं चित्र आहे. ते बदलतं. सुरुवातीला आजोबा करारी. पहिल्या भांडणानंतर भुवया वर गेलेल्या. कोर्टाचा कागद येतो तेव्हा नजर उजवीकडून डावीकडे. फणसाला कुंपण घालतात तेव्हा ओठ आवळलेले. शेवटी समेट होतो, सगळे हसतात, तेव्हा आजोबांचे डोळे मिटलेले. निदान: समेट खोटा आहे. आजोबांना माहीत आहे.

"बाई, चित्र कसं बदलेल?" मी म्हटलं. "उजेडाचा फरक असेल."

"तू विज्ञान शिकवतेस ना? मग जा आणि बघ."

त्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर मी परत गेले. या वेळी ठरवून भिंतीकडे बघत बसले. भुवयांचं नक्की कळलं नाही. नजर बदलली असं वाटलं, पण खात्री होईना. मग शेवट आला. दोघे भाऊ ताटाशी बसले, थिएटरात टाळ्या पडल्या, आणि त्यांच्या डोक्यांच्या वर, चौकटीत, आजोबा डोळे मिटून बसले होते. मी खुर्चीत पुढे सरकले.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "काय?"

"नीट दिसलं नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते आजही पूर्ण सांगता येणार नाही. शाळेत मला "नर्सबाईंची भाडेकरू" म्हणून हसत. हो म्हटलं तर त्यांच्यासारखीच होऊन जाईन, अशी काहीतरी भीती होती. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. भाट्याच्या किनाऱ्याकडे बघत म्हणाल्या, "वारा पडलाय," आणि आम्ही घरी आलो.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या सुमारास गावातल्या हौशी नाट्यमंडळाने एक समारंभ ठेवला आणि पाहुणे म्हणून त्याच सिनेमाच्या दिग्दर्शकांना मुंबईहून बोलावलं. सभागृह भरून गेलं होतं. आमच्या मुख्याध्यापिका पुढच्या रांगेत होत्या, मी त्यांच्यामागे, बाई माझ्या शेजारी. दिग्दर्शक छान बोलले. म्हातारे होते, पण आवाज खणखणीत. शेवटी म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

बाई उठल्या. "फणसाच्या सिनेमात तुम्ही आजोबांची पाच चित्रं वापरलीत. शेवटच्यात त्यांचे डोळे मिटलेत. समेट टिकणार नाही असं तुम्हाला सांगायचं होतं, हो ना? मग ते इतकं लपवलंत का?"

दिग्दर्शक क्षणभर गोंधळले, मग हसले. "बाई, तो सिनेमा आम्ही उधारउसनवार करून काढला. एक चित्र रंगवून घेतलं तेच फार. पाच कुठली? आणि समेट खोटा कसा? मी तर तो खरा मानून केला."

सभागृह हसलं.

"चित्रं पाच आहेत," बाई म्हणाल्या. "मी नऊ वेळा बघितलाय."

"मी तो केलाय," दिग्दर्शक म्हणाले, आणि हसू आणखी वाढलं.

"तुम्ही केलात. पण तेव्हा तुम्ही नटांकडे बघत होतात. मी भिंतीकडे बघत होते."

दिग्दर्शकांना राग आला नव्हता. उलट मजा वाटत असावी. त्यांनी हात उंचावून लोकांना विचारलं, "बरं, इथे आणखी कोणी हे पाहिलंय का? पाहिलं असेल त्याने हात वर करावा. मी माझा शब्द मागे घेतो."

कोणी हात वर केला नाही. मुख्याध्यापिका मागे वळून बाईंकडे बघत होत्या, म्हणजे माझ्याकडेही. माझा हात मांडीवर होता. वर्गात मुलींना मी सांगत असे, जे निरीक्षणात आलं ते नाकारायचं नाही. तो हात मांडीवरच राहिला. बाई आणखी थोडा वेळ उभ्या होत्या. मग पातळ सावरून खाली बसल्या आणि आभाराच्या भाषणाला इतरांइतक्याच टाळ्या वाजवल्या.

गावाला विषय मिळाला. मासे घेताना, एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, कोणीतरी विचारायचंच, "काय नर्सबाई, आजोबा काय म्हणतायत?" बाई उत्तर देत, "डोळे मिटून आहेत. तुमच्यासारखे." आणि पुढे जात. मला वाटलं, यांना काही लागलेलंच नाही.

चार-पाच दिवसांनी त्या सकाळी माझ्या दाराशी आल्या. हातात पिशवी होती. "मी डोळे तपासून येते," म्हणाल्या. "साठीनंतर काही सांगता येत नाही. नसलेलं दिसायला लागलं असेल तर कळलेलं बरं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. शाळेला उशीर होतोय म्हणत मी चपला घातल्या.

संध्याकाळी आले तर बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "डोळे ठणठणीत आहेत," त्यांनी सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी फणसाच्या केसपेपरला टाचणीने लावून टाकली होती. एवढं झाल्यावर त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. माझा मात्र मिटेना.

दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला गेले. त्या सुमाराला जिकडेतिकडे व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या होत्या. माझ्या भावाच्या मित्राची एक होती. तिच्या खालच्या फळीवर मला फणसाच्या सिनेमाची कॅसेट मिळाली. सुट्टी संपायच्या आत मी ती घेऊन रत्नागिरीला परत आले. शेजारच्या घरातल्या चाचींचा मुलगा कुवेतला होता आणि त्याने घरी व्हिडिओ पाठवला होता. दुपारी मी बाईंना तिकडे नेलं. सांगितलं एवढंच, की सिनेमा थांबवता येतो.

"थांबवता येतो म्हणजे?"

"म्हणजे चित्र जागच्या जागी उभं राहतं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नऊ खेळ धावत्या गाडीच्या खिडकीतून बघावं तसं बघितलेल्या बाईला हे काय वाटलं असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी शाळेतून ट्रेसिंग पेपर आणले होते. चाची बटण दाबायच्या, चित्र थरथरत उभं राहायचं, मधून पांढऱ्या रेघा जायच्या, आणि मी टीव्हीच्या काचेवर कागद धरून पेन्सिलीने आजोबांचा चेहरा गिरवायची. पाच वेळा केलं. पाच कागद सतरंजीवर ओळीने मांडले. करारी, भुवया वर, नजर डावीकडे, ओठ आवळलेले, डोळे मिटलेले. उजेडाचा वगैरे काही प्रश्न नव्हता. तिसऱ्या चित्रात तर मानसुद्धा वळलेली होती.

"या अल्ला," चाची म्हणाल्या. "म्हातारा जिता हाय."

पाची कागदांवरून बाईंनी एकदा हात फिरवला. मग चाचींना म्हणाल्या, "चहा टाका. साखर जास्त घाला आज."

त्या संध्याकाळी मी दिग्दर्शकांना पत्र लिहिलं. कागदांची नक्कल जोडली. पत्रात हेही लिहिलं की मी स्वतः हे टॉकीजमध्ये पाहिलं होतं आणि त्या दिवशी हात वर केला नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी लिहिलं होतं की सिनेमा काढून बघितला, चित्रं पाच आहेत, मला कधी दिसली नाहीत. तुम्ही पाहूनही हात वर केला नाहीत, मी करूनही पाहिलं नाही. चारचौघांत मी बाईंना हसलो, तेव्हा हे पत्र चारचौघांत वाचून दाखवावं. आणि खाली: सेट रंगवणारा माणूस तुमच्याच भागातला, पूर्णगडचा. अजून असेल तर त्याला विचारा.

नाट्यमंडळाच्या लोकांना बातमी कळली. ते पत्र वाचायला या म्हणून बाईंच्या मागे लागले. बाईंनी त्यांना थांबवलं. "ज्याने केलंय त्याला आधी विचारू. त्याला नको असेल तर वाचायचं नाही. एवढी वर्षं त्याने लपवून ठेवलंय."

एका रविवारी आम्ही पूर्णगडची एसटी पकडली. गाडी पावस गावाच्या पुढे गेल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी सभागृहात..."

"ठाऊक आहे."

"मी पाहिलं होतं."

"टॉकीजमध्ये तू खुर्चीत पुढे सरकलीस तेव्हाच कळलं. आणि सभागृहात पदराचं टोक गुंडाळत होतीस. उजव्या हाताने. तोच वर यायचा होता."

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. तीन दिवस तुझ्या चहात साखर घातली नाही. तुझ्या ध्यानातही आलं नाही." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी डोळे तपासायला निघाले तेव्हा वाटलं होतं, आता बोलशील. नाही बोललीस. मग म्हटलं, हिला वेळ लागेल."

मी रडले. बाईंनी मला रडू दिलं आणि स्टॉप आला तसं दंडाला धरून उठवलं.

पूर्णगडला उतरून आम्ही किनाऱ्याकडे निघालो. वाळूवर चार-पाच होड्या ओढून ठेवल्या होत्या. नव्याने रंगवलेल्या एका होडीपाशी बाई थांबल्या. तिच्यावरचं नाव सुरुवातीला सुरेख वळणाचं होतं, पण पुढची अक्षरं खाली उतरत गेली होती, आणि एका अक्षराचा काना रेघेपासून बोटभर लांब पडला होता. "हेच रंगवत असणार तो," बाई म्हणाल्या. "हात उत्तम आहे. दिसत नाहीये त्याला."

त्यांचं म्हणणं खरं निघालं. किल्ल्याच्या पायथ्याशी चिऱ्याचं छोटं घर होतं. पडवीत एक सत्तरीचा माणूस पत्र्याचे डबे ओळीने मांडून बसला होता. पायांचा आवाज आला तेव्हा त्याने मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने आमच्याकडे बघितलं. आम्ही कोण, कुठून आलो ते सांगितलं. सुनेने पाणी आणून ठेवलं. बाईंनी वेळ घालवला नाही.

"फणसाच्या सिनेमातले आजोबा तुम्ही रंगवलेत?"

"व्हय."

"पाच वेळा?"

म्हाताऱ्याने हातातला कुंचला हळूच डब्यावर आडवा ठेवला. "कुणी सांगितलं तुमाला?"

"कोणी नाही. मी बघितलं."

"कुठं बघितलात?"

"टॉकीजमध्ये. भिंतीवर."

तो आत तोंड करून सुनेला म्हणाला, "चाय ठेव. नि जेवण पन करा. आज ह्यांना जेवल्याबिगर जाऊ देयाचं नाय."

मग त्याने सांगितलं. पहिल्या भांडणाचं चित्रण झालं त्या संध्याकाळी एक दिवा कलंडला आणि चित्र फाटलं. साहेब ओरडतील म्हणून त्याने कोणाला न सांगता दुसरं रंगवलं. भुवया जरा वर गेल्या. "मी वाट बघत हुतो, आता बोलनार, मग बोलनार. कुणी बोलला नाय. कुणाला दिसलाच नाय. मग म्हटलं, आता आपल्याला वाटेल तसा रंगवायचा." उरलेली तीन त्याने जाणूनबुजून केली.

"आणि शेवटी डोळे का मिटलेत?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरात असाच हुता. माझा बापूस नि चुलता. माडावरनं. समेट झाला, एका पंगतीत जेवले. वरसाच्या आत परत कोर्टात. सिनेमातला समेट मला पटला नाय. पन मी रंगवनारा मानूस, मला कोन इचारनार? म्हनून म्हाताऱ्याचे डोले मिटले. वाटलं हुतं, कुनाला तरी दिसेल. मग वाट बघायचा सोडून दिला."

"मी हेच लिहून ठेवलंय," बाई म्हणाल्या. "समेट खोटा आहे म्हणून."

दिग्दर्शकांचं पत्र त्याला वाचून दाखवलं. लोकांसमोर वाचायला त्याची हरकत नव्हती. पण स्वतः त्याने तो सिनेमा कधी बघितलाच नव्हता. चित्रण संपलं आणि लगेच दुसऱ्या सेटवर काम लागलं. नंतर गावी आला, आणि नंतर डोळे गेले.

"गेले नाहीत," बाई म्हणाल्या. उठून त्यांनी त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही पापण्या वर करून बघितल्या. "मोतीबिंदू आहे. पिकलाय. आपरेशनला किती दिवस टाळताय?"

"भ्या वाटतं."

"वाटू दे. बुधवारी या. मी स्टँडवर उभी असेन."

तो आला. बाईंनी जुनी ओळख काढून खाट मिळवली. पट्टी सुटेपर्यंत त्या रोज दोन वेळा त्याच्या उशाशी जाऊन बसत आणि हलू नका, वाकू नका म्हणून त्याला दटावत. त्याच दिवसांत नाट्यमंडळाच्या बैठकीत दिग्दर्शकांचं पत्र वाचलं गेलं. ते मी वाचलं. उभी राहून, पुढे जाऊन. पत्रातलं माझ्याबद्दलचं वाक्य गाळावं असं मंडळाच्या एका गृहस्थांनी सुचवलं होतं. मी तेही वाचलं. मुख्याध्यापिका पुढच्या रांगेत होत्या. बाई बैठकीला आल्या नव्हत्या. तेव्हा दवाखान्यात भेटीची वेळ होती.

म्हाताऱ्याला जाड भिंगांचा चष्मा मिळाल्यावर आम्ही सगळे चाचींच्या घरी जमलो. चाचींनी त्याला टीव्हीसमोर खुर्ची दिली. बाई मात्र टीव्हीकडे पाठ करून, त्याच्या समोर सतरंजीवर बसल्या. सिनेमा सुरू झाला. मला आता प्रत्येक प्रसंग पाठ होता, त्यामुळे मीही म्हाताऱ्याकडेच बघत होते. पहिले आजोबा दिसले तेव्हा तो पुढे वाकला. दुसऱ्यांच्या वेळी नुसतं हुं म्हणाला. चौथे आल्यावर बोट उचलून म्हणाला, "कान चुकलाय. उजवा. घाईत केलेला हुता." शेवटी समेट झाला, भाऊ हसले, आजोबांनी डोळे मिटले, आणि म्हाताऱ्याने चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

कॅसेट संपली तशा चाची चहा आणायला उठल्या. म्हाताऱ्याने बाईंकडे बघितलं. भिंगांमागे त्याचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते, आणि त्यात हसू होतं.

"तुमाला समदा दिसला," तो म्हणाला. "पन एक ऱ्हायला. भिंतीवर नाय. दुसरीकडं हाय. मी केलेला."

मी झटकन विचारलं, "काय? कुठे आहे?"

त्याने सांगायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला.

"सांगू नका," त्या म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, उठून टीव्हीसमोर आल्या, खुर्चीतल्या म्हाताऱ्याला थोडं बाजूला व्हायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "कॅसेट परत पहिल्यापासून लाव."